पहिला हार जुन्या मशीनला

दसऱ्याला कॉम्प्युटरला घातलेल्या झेंडूचा वास आला की मला पार्ल्यातल्या माझ्या दुकानातली ती सकाळ आठवते. आम्ही लग्नपत्रिका छापायचो. टायपिंग, फोटो, डिझाइन, प्रिंट सगळं एकदम उघडलं की मशीन हँग व्हायचं आणि केलेलं काम जायचं. वैतागून, आठवडाभर चौकशी करून मी लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी वेगळी सिस्टिम निवडली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही मशीनवर टाकूनही घेतली. सकाळी आमच्याकडे वीस वर्षं टायपिंग करणाऱ्या बाई आल्या, तेव्हा मी ऐटीत दहा प्रोग्रॅम एकदम उघडून दाखवले. काहीच अडकलं नाही. “झकास!” म्हणत त्या बसल्या आणि टाइप करू लागल्या. पण त्यांचा जुना मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड नव्या सिस्टिमवर चालतच नव्हता; पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला उमटत होता. न बघता हजारो पत्रिका टाइप केलेली ती बोटं एकेक अक्षर चाचपडू लागली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. “आता मशीन हँग होत नाही हो दादा,” त्या हळूच म्हणाल्या, “आता मी होते.” मला माझाच राग आला. सगळे प्रोग्रॅम तपासले होते, फक्त बाईंना विचारलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांच्या मशीनवर जुनी सिस्टिम परत आणली. बाई आता नाहूरला मुलाकडे असतात, ते मशीन मात्र दुकानातच आहे. आज पहिला हार त्यालाच घातला आणि बटण दाबलं. सुरू व्हायला त्याने नेहमीसारखाच वेळ लावला. मी थांबलो.