दानम्माचा मंगळवार

परळीच्या बाजारात मन्मथप्पांचं किराणा दुकान आहे. समोर एकानं काचेच्या दारांचं नवं दुकान थाटलं, तरी त्यांच्या पोटात कधी दुखलं नाही. उलट उद्घाटनाला नारळ घेऊन गेले. अशा माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी हेवा वाटावा, तोही केजहून जीपनं येणाऱ्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एका पोरीचा, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. पण वाटत होता खरा. मंगळवार उजाडला की सकाळपासूनच वाटायला लागायचा.

पोरीचं नाव मनिषा. सरकारी दवाखान्यात समुपदेशनाची एक खोली आहे, तिथं ती बसते. दर मंगळवारी मन्मथप्पांची बायको दानम्मा त्या खोलीत जाते, दार लागतं आणि मन्मथप्पा पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसतात.

झालं असं, की त्यांच्या मुलाला, संगमेशला, उन्हाळ्यात मुलगी झाली. गल्लीभर पेढे वाटले. पण दानम्मा नातीला मांडीवर घेईना. घेतली की हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा. मग झोप उडाली, जेवण तुटलं. रक्त तपासून झालं, छातीचा फोटो झाला, सगळं ठीक निघालं. शेवटी सून वर्षाराणीनं हट्टानं तिला मनिषाकडं नेलं.

पहिल्याच मंगळवारी बंद दाराआडून दानम्माचं रडणं ऐकू आलं आणि मन्मथप्पा ताडकन उठले. एकतीस वर्षांच्या संसारात ही बाई त्यांच्यासमोर कधी अशी रडली नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेली होती. आणि इथं, ओळख ना पाळख! त्यांनी लाज सोडून दाराला कान लावला. कमाल म्हणजे ती पोरगी गप्पच. उगी नाही, रडू नका नाही, पाण्याचा पेलासुद्धा नाही. समोरचं माणूस हुंदके देतंय आणि ही आपली खुशाल बसलेली.

पण बाहेर आली ती दानम्मा निराळीच होती. डोळे सुजलेले, चेहरा मात्र मोकळा. वाटेत गाड्यावर थांबून तिनं पेरू घेतला आणि तिखटमीठ लावून चालता चालता खाल्ला. मन्मथप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. आत काय बोललीस, असं त्यांनी चारदा विचारलं. चारही वेळा असंच काहीबाही, एवढंच उत्तर आलं.

आता मन्मथप्पांच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या दुकानात नाही हा शब्द चालत नाही. गिऱ्हाईक मोकळ्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही, ही वडिलांची शिकवण. हरभऱ्याची डाळ संपली तर वाटाण्याची घ्या. तो साबण नसेल तर हा न्या, त्याच्यापेक्षा चांगला. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा हात बरणीकडं गेलेला असतो.

तेव्हा त्यांनी ठरवलं, ऐकणंच ना, आपणही ऐकू. त्यात काय एवढं? एका दुपारी दुकानामागच्या खोलीत त्यांनी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या, दानम्माला बसवलं आणि बोल म्हणाले. ती आधी हसली. मग खरंच बोलायला लागली, की मधूनच लई भरून येतं. वायू झाला असेल, ओवा खा, मन्मथप्पा म्हणाले. तसं नाही, हात रिकामे रिकामे वाटतात, ती म्हणाली. मग विणकाम घे, वेळ जातो, ते म्हणाले. दानम्मा दूध बघायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. गॅसवर दूध नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच दवाखान्यात गेले आणि मनिषासमोर बसले. माझ्या बायकोला तुम्ही असं काय देता, त्यांनी विचारलं. काकू काय बोलतात ते मी सांगू शकत नाही, ती म्हणाली, पण तुम्हाला काय वाटतं ते ऐकायला बसलेय. मन्मथप्पांनी बायकोची भूक, झोप, औषधं सगळं सांगितलं. ती थांबून राहिली. त्यांनी दुकानाचं सांगितलं, वीज केंद्राच्या राखेची धूळ बरण्यांवर कशी बसते तेही सांगितलं. ती थांबलेलीच. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "जळतो मी तुमच्यावर, ताई. माझ्या बायकोचं रडू तुमच्यापाशी हाय."

मनिषा हसली नाही. "हे काकूंना सांगितलंत का, काका?" एवढंच तिनं विचारलं.

त्याच दुपारी दुकानात कुणी नव्हतं. दानम्मा जिरं पाखडत होती. मन्मथप्पांनी मान खाली घालून तिला सगळं सांगितलं: दाराला कान लावल्याचं, पेरू बघून चिडल्याचं, त्या पोरीवर जळत असल्याचं. सुपातला दानम्माचा हात थांबला.

"कावेरी गेली त्या दिशी तुमी मला काय म्हनलं व्हतं, ध्यानात हाय?"

कावेरी त्यांची पहिली मुलगी. अकरा महिन्यांची होऊन तापानं गेली. त्या दिवशी आपण काय बोललो ते मन्मथप्पांना आठवेना.

"रडू नको, दुसरी व्हईल, म्हनला," दानम्मा म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगावं तसं." आणि ती त्यांच्यासमोर रडायला लागली.

ज्याच्यासाठी एवढे जळत होते, ते मिळालं आणि मन्मथप्पांना ते सोसेना. हात सवयीनं खडीसाखरेच्या बरणीकडं गेला. त्यांनी तो मागं घेऊन मांडीखाली दाबला. तेवढ्यात एक बाई आली आणि तिनं शेंगदाण्याचं कूट मागितलं. कूट संपलं होतं, पण शेंगदाण्याचं पोतं तिच्या पायाशीच उघडं होतं.

"न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. बाई रिकाम्या हातानं निघून गेली.

मग ते दानम्माकडं वळले. "कावेरी उभी ऱ्हायली व्हती, पयल्यांदा. इथंच. गुळाच्या पोत्याला धरून."

दानम्मानं वर बघितलं. "कवा?"

"तू आत भाकरी करीत व्हतीस. सांजच्याला तुला दावू म्हनलं. सांजंला ताप चढला. मग कुनालाच सांगितलं न्हाई."

एकोणतीस वर्षं ही गोष्ट त्यांच्या एकट्याजवळ होती. दानम्मानं सूप बाजूला ठेवलं आणि ती सरकून त्यांच्याजवळ बसली.

"परत सांगा," ती म्हणाली.