दहिसर ते नाहूर: सासूबाईंच्या उपकेंद्राच्या सभेला

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझ्याकडून किल्ले, घाट आणि वाटेतली मिसळ अपेक्षित असते. या वेळी मी दहिसरहून नाहूरला जाऊन आले. हसू नका. नकाशा बघितलात तर दोन्ही गावं राष्ट्रीय उद्यानाच्या दोन अंगांना, मध्ये सगळं जंगल आणि डोंगर. डोंगराखालून बोगदा होतोय म्हणतात, पण तो होईपर्यंत वळसा घालणं आलंच. आम्ही जाताना दक्षिणेकडून गेलो आणि येताना उत्तरेकडून, म्हणजे अख्ख्या उद्यानाला एक फेरी झाली.

निघायचं ठरलं ते माझ्या सासूबाईंमुळे. त्यांचं नाव सुमन, वय एकाहत्तर, माहेर मालवणजवळचं. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. त्याच सुमारास, पंचवीसेक वर्षांपूर्वी, आईंनी नाहूरच्या उपकेंद्रातून बी.ए. केलं. उपकेंद्र म्हणजे विद्यापीठाची छोटी शाखा. मुख्य संकुलापर्यंत जाणं ज्यांना जमत नाही अशांसाठी काढलेली, संध्याकाळचे आणि रविवारचे वर्ग चालवणारी. निघण्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या फोनवर जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप आला: उपकेंद्र बंद करायचं की ठेवायचं यावर रविवारी दुपारी दोनला जाहीर सभा, सगळ्यांनी यावं.

"मी जातलंय," आई म्हणाल्या.

"आई, गुडघा?"

"गुडघो पण येतलो. तू येतंस काय ता सांग."

महेश, म्हणजे माझा नवरा, नेमका ऑफिसच्या कामाला अडकलेला. मग आम्ही दोघीच निघालो.

सकाळी नऊला दहिसर पूर्वची मेट्रो. ज्येष्ठांना घेऊन निघणार असाल तर डोळे झाकून मेट्रोच घ्या: लिफ्ट आहे, बसायला जागा मिळते, स्टेशनात स्वच्छतागृह आहे. डावीकडच्या खिडकीत बसा, अधूनमधून उंच इमारतींच्या मागे डोंगर दिसतो. जोगेश्वरी पूर्वला उतरून लिंक रोडवरची बस पकडली. हा टप्पा कंटाळवाणा, पवईपर्यंत सिग्नलमागून सिग्नल. तलाव आला तसा गार वारा लागला आणि आई बोलायला लागल्या.

"तेव्हा दोन बस बदलायचे मी. सकाळी सहाला निघायचं. तुझे सासरे रविवारचे मासे स्वतः साफ करायचे. शेजारच्या बायका हसायच्या त्यांना."

"पण नाहूरच का? अलीकडे कुठे सोय नव्हती?"

"होती की. पण ओळखीचं कोणी बघितलं असतं तर? म्हणून डोंगरापलीकडे गेले."

लग्नाला अठरा वर्षं झाली माझ्या, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

भांडुपला उतरून एका मालवणी खानावळीत जेवलो. तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. आईंनी सोलकढीचा एक घोट घेऊन "आमसुलं जुनी आसत" असा निकाल दिला आणि दोन वाट्या संपवल्या. दिवसभराचा सगळा खर्च, जेवण, मेट्रो, बस, रिक्षा धरून, दोघींचा हजाराच्या आत झाला. खानावळीत रविवारी बाराच्या आत पोचा, नंतर बाहेर रांग लागते.

तिथून रिक्षाने दहा मिनिटांत उपकेंद्र. तीन मजली इमारत, रंग उडालेला, समोर मोठं मैदान आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप. आई फाटकाशी थांबल्या, इमारतीकडे बघत पदर सारखा केला. मी फोटो काढायला फोन काढला तर म्हणाल्या, "नको गो. आधी आत जाऊ."

सभागृह भरलेलं होतं. विद्यापीठाचे एक अधिकारी बोलत होते, शांतपणे, कागद बघून. विद्यार्थी कमी झालेत, वरच्या मजल्याला गळती आहे, दुरुस्ती परवडत नाही. वर्ग मुख्य संकुलात हलवावेत आणि जागा दुसऱ्या उपयोगासाठी द्यावी असा विचार आहे, पण अजून काही ठरलेलं नाही.

मग राणे नावाचे समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ उठले. मी मनात त्यांना विरोधी पक्ष ठरवून टाकलं होतं, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "सहा वर्ग कायम बंद असतात, साहेब. एवढं मैदान, त्याला कुलूप. आमची पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि काचा फोडतात. कॉलेज नको असं नाही, पण वापर तरी करा ना यार! नाहीतर आम्हाला बाग द्या."

टाळ्या पडल्या. त्यावर भांडुपची स्नेहल नावाची मुलगी उभी राहिली. ती दिवसा एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने गोळा करते आणि संध्याकाळी इथे शिकते. "मुख्य संकुलात जायचं तर मला नोकरी सोडावी लागेल," ती म्हणाली. "सोडली तर फी कोण भरणार? एवढंच सांगायचं होतं." मागून कोणीतरी ओरडलं, "ऑनलाइन कर ना!" तिने वळून विचारलं, "घरात सहा माणसं आणि एक खोली. कुठे बसू, सांग?" मग एकच गलका झाला. पाच मिनिटं कोण कोणाशी बोलतंय ते कळेना.

आणि माझ्या शेजारची खुर्ची सरकली. आई गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

माइक हातात आला तेव्हा त्यांनी शाळेतल्यासारखं नाव, गाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष सांगितलं. कोणीतरी हसलं.

"पहिल्या रविवारी मी आत आलेच नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या बाकावर दोन तास बसले. सगळी लहान पोरं, आणि मी चव्वेचाळीस वर्षांची. ग्रंथालयातल्या बाई बाहेर आल्या. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. म्हणाल्या, ऊन लागतंय, आत बसा. आत बसले ती चार वर्षं बसले. तीन वर्षांचं शिक्षण चार वर्षांत केलं, कारण पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झाले. पण थय माका कोण हसाक नाय. एकदाव नाय."

मराठी कधी मालवणी झाली ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या राण्यांकडे वळल्या. "तुमची पोरं मैदानात खेळू देत ना. ग्रंथालय संध्याकाळी उघडं ठेवा, त्या पोरांनाही अभ्यासाला बसू द्या. माणसं येतील तर वर्ग पण भरतील. दोघं भांडलात तर जागा तिसऱ्याकडे जाणार."

राणे उठून म्हणाले, "मावशी, मैदान उघडणार असतील तर माझी सही पहिली."

अधिकाऱ्यांनी सांगितलं की तोंडी सूचना नोंदवता येत नाही, निवेदन लेखी हवं. कोणी लॅपटॉप शोधायला लागलं. आईंनी स्नेहलकडून दोन कोरे कागद मागितले, पहिल्या रांगेत बसल्या आणि लिहायला सुरुवात केली. 'प्रति, मा. कुलसचिव' इथपासून 'आपले नम्र' पर्यंत, एकही खाडाखोड नाही. राण्यांनी खरंच पहिली सही केली. माझी सही एकोणचाळिसावी. खाली नाव लिहिताना मला त्या न पाहिलेल्या ग्रंथालयातल्या बाईंचे आभार मानावेसे वाटले. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पहिला नोकरीचा अर्ज आईंनीच दुरुस्त करून दिला होता, आणि इतकी वर्षं मी ते गृहीत धरलं होतं.

परतताना मुलुंड चेक नाक्याहून घोडबंदर रोडने बोरिवलीला जाणारी बस घेतली. या रस्त्याला वेळ हाताशी ठेवून निघा, ठाणे ओलांडायलाच तास गेला. पण गायमुखच्या वळणावर उजवीकडे खाडी आणि डावीकडे हिरवा डोंगर, दोन्हींवर उतरतं ऊन. आई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांना उठवलं नाही. दहिसर चेक नाक्याला उतरलो.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण काही जणांनी विचारलंय. महिनाभराने निर्णय आला. दोन अभ्यासक्रम मुख्य संकुलात गेले, वरचा मजला बंद केला. संध्याकाळचे आणि रविवारचे वर्ग एक वर्ष राहणार, नंतर पुन्हा विचार होणार. मैदानाचं फाटक संध्याकाळी उघडतं. पूर्ण जिंकलो असं नाही. पण स्नेहलची नोकरी आणि शिक्षण दोन्ही सध्या चालू आहे, आणि राण्यांनी सभेनंतर केलेल्या ग्रुपवर मुलांच्या सामन्याचा फोटो टाकला होता.

माझ्याजवळ राहिलं ते मात्र त्या रविवारी घरी पोचल्यावरचं. महेशने चहा टाकला होता. मी उत्साहाने सभेचं सगळं सांगितलं, नापास झाल्याचंही. त्याचा कप हातातच राहिला.

"आई, तू नापास झालेलीस? कधी?"

"तू बारावीक नापास झालंस, त्याच वर्षी," आई पाय लांब करत म्हणाल्या.

"पण तू मला एका शब्दाने बोलली नव्हतीस. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, माझी आई किती मोठ्या मनाची!"

"बोलतलंय खयच्या तोंडान? माझो निकाल पिठाच्या डब्याखाली होतो."

महेश इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू थांबलं तेव्हा त्याने डोळे पुसले, आतून तेलाची वाटी आणली आणि आईंच्या गुडघ्याशी बसला.