घरी, घरात, घरावर

मिरज स्टेशनच्या बाकावर आई माझ्या बॅगेला टेकून बसली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगी कुठं निघाली?" आई म्हणाली, "लखनौला असते ती." गाडी अजून यायची होती. मी हाताच्या अंतरावर उभी, रेल्वेतल्या पहिल्या नोकरीची ऑर्डर पर्समध्ये, आणि आईच्या वाक्यात मी कधीच लखनौला पोचून स्थिरावलेली! ‘निघालीय’ नाही, ‘जातेय’ नाही, ‘असते’. तेव्हा फार राग आला होता. अण्णा पाण्याची बाटली भरून आले आणि एवढंच म्हणाले, "पोचलीस की घरी कळव."

दादा, वहिनी आणि आपल्या ग्रुपवरच्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय. माझ्यासारखी जी बाहेर पडली त्यांनीही वाचावं. रागावूनच लिहितेय, तेव्हा वाचून झाल्यावर "हिला काय झालं" असं एकमेकांना विचारत बसू नका.

‘घरी’ हा शब्द घ्या. शाळेत आपण सप्तमी घोकली होती, त, ई, आ. ‘त’ कशालाही लागतो, डब्यात, पिशवीत, ऑफिसात. ‘ई’ मात्र मोजक्याच शब्दांना उरलाय. घरी, गावी, माहेरी, सासरी. चोर घरात शिरतो, पाहुणा घरी येतो. हा फरक मला मिरजेत कधी दिसला नाही, कारण तिथं तो कुणी मोडत नव्हतं. हिंदीत ‘घर में’ आहे आणि ‘घर पर’ आहे. ‘घर पर’ म्हणजे आपलं ‘घरी’. त्या ‘पर’चा छपराशी काही संबंध नाही.

मी इथं आले तेव्हा अलीगंजमध्ये भाड्यानं राहायचे. खालच्या मजल्यावर मिश्रा आंटी होत्या. त्यांना मी रोज काहीतरी ऐकवायचे. "आंटी, मैं चिनहट को जा रही हूँ." "मुझे एक भाई है." आपल्या ‘ला’चा मी दिसेल तिथं ‘को’ करून टाकला होता. आंटी म्हणायच्या, "अच्छा, चिनहट जा रही हैं? धूप बहुत है बेटा, छाता ले लीजिए." त्यांनी माझं वाक्य गुपचूप दुरुस्त करून परत दिलं होतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्या हसल्या असत्या तर मी पहिल्याच आठवड्यात तोंडाला कुलूप लावलं असतं.

आता तुमच्याकडे वळते. माझी इरा चौदा वर्षांची. जन्म, शाळा, मैत्रिणी, सगळं लखनौचं. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. पण रविवारी सकाळी अण्णांना फोन मात्र मराठीत, कारण अण्णांची हिंदी रेडिओवरच्या गाण्यांपुरती. आई गेल्यापासून तो फोन आल्याशिवाय अण्णा आंघोळीला उठत नाहीत, हे वहिनी, तूच मला सांगितलंस.

दिवाळीत तिनं ग्रुपवर आवाज पाठवला. "आजोबा, यावेळी आम्ही कुठे गेलो नाही. मम्मीला पण छुट्टी आहे. आम्ही सगळे घरावर आहोत."

दादाचं उत्तर लगेच आलं, "खाली उतरा, पडाल!" मग त्याच्या मंदारनं कुठल्याशा कौलांवर मी, इरा आणि तिचे पप्पा, आमचे तिघांचे चेहरे चिकटवून फोटो टाकला. मग हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. त्यातला एक मी पाठवलेला होता. लिहायला लाज वाटते, पण ऐकल्या ऐकल्या मीही हसलेच.

इरानं ग्रुप सोडला. पुढच्या रविवारी फोनवर, "नमस्ते आजोबा, आप कैसे हैं? मम्मी को देती हूँ." संपलं. मी समजवायला गेले तर म्हणाली, "नहीं बोलनी मुझे मराठी. आप लोगों की है, आप बोलो."

आप लोगों की! दादा, तुझा मंदार ‘मार्केटला जाऊन शॉपिंग करतो’, ‘फ्रेंड्सना मीट करतो’, तेव्हा कुणाला विनोद सुचत नाही. इंग्रजीनं मराठीचं वाटोळं केलं की पोरगा स्मार्ट, आणि माझ्या पोरीच्या तोंडून एक हिंदी ‘पर’ आला की तमाशा? वर दर मे महिन्यात मलाच ऐकवता, "मुलीला मराठी शिकवली नाहीस का?" शिकवली होती. ती बोलत होती. तुम्ही बंद केलीत. आपण बंद केली.

असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी अण्णांनी स्वतः फोन लावला. "इरा बेटा, मैं आजोबा बोलता. मेरे को तेरा आवाज सुनने को होना." आयुष्यभर एसटी स्टँडवर कंट्रोलर होते अण्णा, माईकवरून गाड्या पुकारणारा खणखणीत आवाज. तो आवाज शब्द चाचपत होता. पाठीमागे तुमच्यापैकी कुणीतरी फिसकन हसलं, ते मला इथं ऐकू आलं, म्हणजे त्यांनाही आलंच असणार. तरी थांबले नाहीत. "तुम अभी किधर को बैठी है?"

इरानं स्पीकरवरचा फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही मराठीत बोला. मी बोलते."

"बोल."

"मी खिडकीच्या पास बसलीये."

दुरुस्त करायला माझी जीभ वळवळली. मी ओठ मिटून घेतले.

"हं," अण्णा म्हणाले. "मग काय दिसतंय तिथून?"

तिनं त्यांना मानक नगरची आमची अख्खी रेल्वे कॉलनी सांगितली, अर्धी चुकीच्या मराठीत. त्यांनी एकदाही टोकलं नाही. इतकी वर्षं मी मिरजेलाच ‘घरी’ म्हणत आले. आता वाटतं, जिथं माणसाचं चुकलेलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देतात, तेवढ्याच जागेला तो ‘ई’ लावावा.

मे महिन्यात आम्ही मिरजेला येतोय. दार तेच, खोल्या त्याच, सगळे तुम्हीच असाल. पण गल्लीत कुणी विचारलं तर मी दादाच्या घरी आले असं सांगणार नाही. अण्णांकडे आलेय म्हणेन.