त्सात्साच्या वेलाचा खुंट

वार्लाम भावजींच्या घरी दोन रांजण जमिनीत पुरलेले होते. मोठ्यातली वाईन पाहुण्यारावळ्यांची, शेजाऱ्यांची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्यांची स्वतःची. कोपऱ्यातल्या धाकट्या रांजणाला मात्र कुणी हात लावायचा नाही. तो गेलेल्या माणसांचा, त्यांच्या नावानं भाकरीवर ओतायच्या वाईनचा. त्यात एकाच वेलाची वाईन जायची, त्सात्साच्या.

त्सात्सा म्हणजे त्यांची बायको, माझी कुंपणापलीकडची शेजारीण. लग्न होऊन वरच्या डोंगरातून आमच्या इमेरेती प्रांतात उतरली तेव्हा ओल्या शेवाळात गुंडाळून माहेरच्या वेलाची काडी घेऊन आली होती. त्या द्राक्षाला तिकडे काळी चिमणी म्हणत. मणी बारके, साल जाड. पहिल्या घोटाला तोंड आवळायचं, मग बराच वेळ जिभेवर रानतुती रेंगाळायची. तिचं माहेर पुढे दरडीखाली गेलं, माणसं पांगली, वेल गेले. उरला तो एवढाच.

तोही एका वर्षी आतून वाळायला लागला. खालच्या गावात बेसारिओनची रोपवाटिका. तो आला, बुंध्याशी उकरलं आणि मुळांवरची पिवळी कीड दाखवली, उवेहून बारीक.

"वार्लामकाका, स्वतःच्या मुळांवर हा आता जगायचा नाही. अमेरिकन खुंटावर कलम करू. त्या मुळांना ही कीड पचवता येते."

त्याच्याकडे खुंट दोनच जातीचे. एक सौम्य, पण आमच्या पांढऱ्या चुनखडीत पिवळा पडणारा. दुसरा दांडगा, कुठेही तगणारा. त्यानं दांडगा घेतला. त्या मातीत दुसरं कुणी काय घेतलं असतं? जाताना बजावून गेला, की कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या, सांध्याच्या वरून वेलाचं स्वतःचं मूळ फुटलं तर छाटून टाका, त्याला पुन्हा कीड लागेल.

कलम लागलं, आणि असं लागलं की वेल अंगणातल्या पेअरच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचला. पानं थाळ्याएवढी. पण फुलोरा आला की गळायचा. घडावर इकडेतिकडे दोनचार मणी, तेही तोडणीच्या हंगामापर्यंत हिरवेच. बेसारिओन सांगायचा, जोर जास्त झालाय, छाटताना काड्या लांब ठेवा, दमानं घ्या. त्सात्सा अंगणात बसून बघायची.

"वेल नव्हे, घरजावई आहे हा," ती म्हणायची. "दाबून खातो, सावलीत लोळतो, आणि कामाचं नाव काढलं की गळून जातो."

आम्ही हसायचो. भावजी हसायचे नाहीत.

दर हिवाळ्यात बेसारिओन चार काड्या मागायला यायचा. मधल्या जोराचा एक खुंट मिळवलाय, त्याच्यावर बांधून बघू म्हणायचा. भावजी त्याला चाचा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू, पाजायचे, अक्रोड खायला घालायचे आणि रिकाम्या हातानं परत पाठवायचे. पुन्हा परक्या पायांवर नको, एवढंच त्यांचं उत्तर.

मग त्सात्सानं अंथरूण धरलं. मी मक्याची भाकरी घेऊन जायची, ती कोर मोडायची आणि तशीच ठेवायची. एकदा नवऱ्याला म्हणाली, "म्हाताऱ्या, माझ्या भाकरीवर दुसऱ्या कुणाची ओतू नकोस हं."

वसंताच्या आधीच ती गेली. धाकटा रांजण कोरडा होता. मी माझ्या रांजणातली सुरई भरून नेली, तीच तिच्या नावानं भाकरीवर ओतली. सगळं जेवण होईस्तोवर भावजींनी मान वर केली नाही.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी त्यांनी वेलाच्या बुंध्याशी माती चढवायला घेतली. सांधा झाकला, त्याच्याही वर टोपल्या रिचवल्या. मी कुंपणावरून म्हटलं, भावजी, बेसारिओन काय सांगून गेला होता? म्हणाले, थंडी आहे गं. आमच्याकडे वेलाला माती कोण चढवतं थंडीसाठी? पण बायको गेलेल्या माणसाशी किती वाद घालायचा.

पुढच्या वर्षीही माती तशीच राहिली. मग एका सकाळी ते माझ्या चुलीपाशी एक जाडजूड बुंधा टाकून गेले. वरच्या बाजूला करवतीची ताजी खूण.

"घे, क्सेनिया. अमेरिकन सरपण आहे. धूर फार करेल, पण जळेल."

मातीखाली काळ्या चिमणीला स्वतःची मुळं फुटली होती. ती दिसताच त्यांनी खालचा खुंट कापून काढला होता.

आणि वेल खरंच आटोपशीर झाला. पानं लहान, फुलोरा टिकला, घड भरले, लवकर काळे झाले. त्या हंगामात भावजींनी एकट्यानं तोडणी केली. ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळं गाव थडग्यांवर जातं, तेव्हा त्यांनी धाकट्या रांजणातली सुरई आणली. त्सात्साच्या मातीवर ओतली, मग मला पेला दिला. तोंड आवळलं. मग रानतुती.

"आहे ना तीच?" त्यांनी विचारलं.

तीच होती. मी मान हलवली. त्यांनी टोपी काढली आणि रडले.

दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. काड्या वीतभर वाढून थांबल्या, पिकून कडक झाल्याच नाहीत, तोवर पाला पडायला लागला. भावजी पाणी घालत राहिले, शेण घालत राहिले. हिवाळा कडक गेला. बर्फ उतरल्यावर त्यांनी होत्या तेवढ्या काड्या तोडल्या, ओल्या शेवाळात गुंडाळल्या आणि मला म्हणाले, चल गं बरोबर, एकट्याला बेसारिओनकडे जायला लाज वाटते.

बेसारिओननं एक काडी कापली. आत तपकिरी, मेलेली. दुसरी कापली, तिसरी कापली. भावजी त्याच्या चाकूकडे बघत होते. शेवटची काडी त्यानं अगदी बुडाशी, हळू कापली. तीही तशीच.

"तू दर वर्षी मागत होतास," भावजी म्हणाले.

"मागत होतो, काका."

बेसारिओननं शेवाळ झटकून, घडी करून त्यांच्या हातात परत दिलं.

चढावर भावजी दम खायला थांबले. धाकट्या रांजणाच्या तळाशी अजून थोडी आहे, म्हणाले, काटकसरीनं ओतली तर दोन ईस्टर निघतील.

मी म्हटलं, त्यातली घोटभर तुमच्यासाठीही राखून ठेवते, वेळ येईल तेव्हा लागेल.

"माझ्या भाकरीवर तुझीच ओत," ते म्हणाले. "ती तिची आहे. तिलाच राहू दे."