नऊ इंचांची पायरी

१. बुधवार, सकाळ. वडगाव निंबाळकर. कॅनॉलवरच्या धुण्याच्या घाटाचा प्लॅन चावडीवर मांडला.
२. हजर: पुरुष चौदा. बायका, मी धरून, एक.
३. हरकत: कुणाचीच नाही.
४. घाट वापरणार: बायका.

चौथा मुद्दा लिहिला आणि पेन्सिल थांबली... कॅनॉल खात्याच्या ओव्हरसिअरसाहेबांनी एकटीवर सोपवलेले हे माझे पहिलेच ड्रॉइंग.

गेल्या महिन्यात काशी नावाची पोटुशी सून निसरड्या काठावरून धुण्यासकट घसरली, थोडक्यात वाचली, म्हणून तर हा घाट. सोमवारी पाथरवट दगड घडवायला बसणार. एकदा घडलेली पायरी मग तशीच राहते.

दुपारी काठावर गेले. राखेने घाट खऱ्या मापात आखला, प्रत्येक पायरीच्या उंचीला तीन विटा, म्हणजे प्लॅनमधले नऊ इंच, रचल्या. बायका जमल्या, पण पदर पुढे ओढून गप्प... माझ्यासोबत गावचे आबा होते. सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर सुना बोलत नाहीत, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

"आबा, तेवढे दगड बघून येता का?"

"म्हंजी आमाला हाकलताय व्हय!" आबा हसत गेले.

ते वळणाआड होताच काशीची सासू, पारूबाई, पुढे आली. "बाईसाहेब, भरली घागर घिऊन तुमी कवा चढलाय का?"

मी नाही म्हणाले. माप इंग्रजी पुस्तकातले होते.

"मग चढा की!"

चढले. दुसऱ्याच पायरीला अर्धी घागर माझ्या अंगावर... सगळ्यात मोठ्याने काशी हसली. "पायरी हाय का भिताड?"

मी प्रत्येक पायरीची वरची वीट काढली. काशी धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन चढली, पायांकडे न बघता. माप ठरले: सहा इंच.

रात्री प्लॅन पुन्हा काढला. आता त्यावर पहिला अंगठा पारूबाईचा आहे... तिने मला वेळेवर भिजवले, याबद्दल तिची आभारी आहे.

हे पत्र कॅनॉलकाठच्या गावांतल्या तुम्हा पाचही मैत्रिणींना उतरवून पाठवते आहे. आपापल्या गावच्या घाटाची एक पायरी मोजा, ती चढायला जड जाते का ते विचारा, आणि शनिवारी येणाऱ्या इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीने उत्तर पाठवा. विचारायचे ते पाणी भरणाऱ्या बाईलाच.