तितराची हाक टेपवर

गावात कुणाची शेळी हरवली की आमच्या पालावर जीप यायची. आम्ही पारधी, एवढा पुरावा पुरायचा. बापाला दोनदा नेलं. दोन्ही वेळा काही सापडलं नाही म्हणून सोडलं, पण दुसऱ्यांदा तो बैलगाडीत आला, कारण त्याला चालता येत नव्हतं. त्यानंतर आई भाकर थापतानाही कान रस्त्याकडे ठेवायची. इंजिनाचा आवाज आला की माणसं रानात, पोरं ओढ्यात. तव्यावरची भाकर तशीच करपायची. लपल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही, आपल्या भाषेतला तर बिलकुल नाही, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं. भाषा ऐकली की ओळख पटायची.

तरी मी शिकलो. जालन्याला वसतिगृहात राहून बी.ए. झालो. आमच्या पालातला पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढं नवीन जालन्यात एका लहानशा संस्थेत कामाला लागलो. परदेशातल्या एका आदिवासी मंडळाशी संस्थेचं जुळलं होतं. त्या लोकांनी आपली मरायला टेकलेली भाषा म्हाताऱ्यांकडून टेपवर घेतली होती आणि त्यातून पोरांसाठी पुस्तकं केली होती. आमच्या भाषेचंही तसंच करायचं ठरलं. टेपरेकॉर्डर त्यांनी पाठवला, आणि त्यांच्यातली एक वयस्कर शिक्षिका आठवडाभरासाठी आली. पाखरांची सगळी नावं आणि हाका येणारा आमच्यात एकच माणूस उरला होता, माझा बाप. तो न्हाई म्हणाला असता तर पुस्तक तिथंच संपलं असतं.

आणि मी काय केलं? जाफराबादपासून पुढं एसटी नव्हती म्हणून बाईंना जीपमधून पालावर नेलं. पारध्याचा पोरगा मी, आणि माझ्या ध्यानात आलं नाही.

धूळ दिसताच पाल रिकामं झालं. गुडघ्यांमुळं पळता येत नसलेली आई तेवढी चुलीपाशी राहिली. तिनं कापसाकडे बोट केलं. बाप तिथं पालथा पडला होता. मला ओळखलं तरी तो उठेना.

"कोण हाय जीपमंदी?" त्यानं आमच्या भाषेत विचारलं.

"पाव्हणी हाय, बाबा. आपल्यावानीच."

"आपल्यावानी असती तर जीपमधून आली असती व्हय? बी.ए. झाला अन् अक्कल वसतिगृहातच ठिवून आला."

मी जीप परत पाठवली. बाई बांधावर येऊन बसल्या. मी काम सांगितलं, तसा बाप आणखीच भ्याला. शिकारीवर बंदी होती, आणि तितराला फासाकडं बोलवायला त्याचीच हाक काढायची असते. तितराची हाक काढून दाखवायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा. "उद्या साहेबानं तुझा टेप ऐकला तर?" त्यानं विचारलं.

मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या वस्तीवरही गाडी यायची. पोरांना उचलून शाळेत न्यायची, आणि घरची भाषा बोललं की तिथं मार बसायचा. म्हातारी होईपर्यंत त्या ती भाषा बोलल्या नव्हत्या.

मी ते बापाला आमच्या भाषेत सांगितलं. ढेकळं फोडत त्यानं ऐकून घेतलं. मंग त्यानं अटी घातल्या. टेपवर त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि कॅसेट पालाबाहेर जाणार नाही. काय लिहायचं ते इथं बसून लिहा. बाईंनी लगेच मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी तो टेपसमोर बसला. हाक अर्ध्यावर आली आणि रस्त्यावर मोटारसायकल वाजली. त्यानं टेप गोधडीखाली सारला. आवाज लांब गेला.

"लाव परत," बाप म्हणाला. त्यानं टेप गोधडीखालून ओढून काढला. "भ्यालोय तर भ्यालोय. हाक तरी पुरी होऊ दे."

दोन वर्षांनी आमच्या भाषेतलं पहिलं वाचनपुस्तक देवनागरीत छापून आलं. त्यात बापानं सांगितलेली सगळी पाखरं होती. टेंभुर्णीकडच्या एका शाळेत आमची पहिलीची पोरं त्या पुस्तकावर वाचायला शिकली.