पुस्तक पुरं झालं, हे कुठं लिहिलंय?

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा मी सातवीतच सोडली, म्हणून शब्दही साधेच आहेत. पण चौसाळ्यात टायरच्या दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी आम्हा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना असते. आमच्या पाळकसाहेबांचा एक किस्सा सांगून होईपर्यंत पुढच्या गुरुवारी दुसरा तयार असतो.

साहेबांनीच एक रीत लावली आहे. कुणी काही म्हटलं की बाकीच्यांनी विचारायचं, "कुठं लिहिलंय?" बायबलातलं वचन सापडेपर्यंत चहा नाही. एकदा साहेबांचाच उपदेश लांबला. आमच्यातल्या शांतामावशी म्हणाल्या, "चहा गार करायचा, हे कुठं लिहिलंय?" साहेबांनी तिथंच आमेन केलं.

*

दुकान दानियलकाकांचं. ते एकदा म्हणाले, "बायबलात भर घालायची न्हाई, हे बायबलच सांगतं." आणि बायबलातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचं शेवटचं पान दाखवलं.

साहेब म्हणाले, "ती ताकीद त्या एका पुस्तकापुरती हाय. तशीच मोशेच्या 'अनुवाद' नावाच्या जुन्या पुस्तकात बी हाय. तिथंच थांबलो असतो तर येशूचं शुभवर्तमान कुठून वाचलं असतं?"

काका मला हळूच म्हणाले, "हे आपल्याकडून हायेत का समोरच्याकडून?"

*

पुढच्या गुरुवारी काका तयारीनं आले. "प्रत्येक शास्त्रलेख देवाच्या प्रेरणेनं झाला. पौलानं लिहिलंय."

साहेब म्हणाले, "बरोबर. पण शास्त्रलेख कोणकोणते, हे कुठं लिहिलंय?"

काकांनी लई पानं चाळली. मग म्हणाले, "चहा होऊ द्या आता."

*

आणि मग हा किस्सा. एका फिरत्या उपदेशकानं शांतामावशींना सांगितलं, "मला नवं वचन मिळालंय, विश्वासणाऱ्यानं औषध घेऊ नये." मावशींनी शुगरच्या गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली.

साहेब म्हणाले, "मावशी, देवाचं पुस्तक पुरं झालंय. आता नवं वचन न्हाई."

"पुरं झालं, हे कुठं लिहिलंय?"

काकांनी प्रकटीकरणाचं तेच शेवटचं पान उघडून साहेबांपुढं सरकवलं. नुसतं वाचलं असतं तरी मावशींनी मानलं असतं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. "अशी ओळ कुठंच न्हाई, मावशी. देव आधी संदेष्ट्यांकडून बोलला, शेवटी पुत्राकडून, म्हंजे येशूकडून, असं इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात हाय. त्यावरून मी मानतो, की शास्त्र पुरं झालं. पण ते माझं मानणं. ओळ दाखवा म्हणलात तर माझ्याकडं न्हाई."

मावशी उठून गेल्या.

काका कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेब, नुसतं वाचायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींच्या घरी गेलो. त्या चुलीपाशी बसून गोळ्यांचं पाकीट फाडत होत्या.

"बघत काय उभा राहिलास? ओळ न्हाई तर न्हाई म्हणाले साहेब, मग त्यांचंच ऐकायचं. पाणी दे."

मी तांब्या भरून दिला.